आधी मीटर लावा, मग कॉलम बदला
गाडीचा बटणाने, मोटरवर वर-खाली होणारा स्टिअरिंग कॉलम (स्टिअरिंग ज्यावर बसतं तो दांडा) हलेना की स्कॅनर लावायचा, गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचायचा आणि थेट सांगायचं, ‘अख्खा कॉलम बदलावा लागेल.’ अहो, कोड सर्किट दाखवतो, मेलेला पार्ट नाही! फ्यूज पाहिला? बटण दाबून धरून मोटरच्या दोन्ही पिनांमध्ये व्होल्टेज मोजलं? तिथे १२ व्होल्ट येऊनही मोटर गप्प असेल, तर दोष मोटरचा किंवा गिअरचा. येतच नसतील, तर मागे स्विच, मॉड्यूल (मोटर चालवणारा कंट्रोल बॉक्स), वायरिंग तपासा. आणि हे कनेक्टर जोडलेला ठेवूनच मोजायचं. आतल्या एकाच बारीक तारेवर तगलेली वायरसुद्धा लोड नसताना, म्हणजे मोटर जोडलेली नसताना, मीटरवर पूर्ण व्होल्टेज दाखवते, हे किती वेळा सांगायचं? अर्थिंगकडे, म्हणजे वायर बोल्टाने बॉडीला जोडलेली असते त्या जागेकडे, तर कुणी ढुंकून बघत नाही. गंजलेल्या एका बोल्टापायी गिऱ्हाइकाच्या माथी हजारोंचा कॉलम मारतात, संताप होतो नुसता!