‘थायलंडला जा, राजासारखे राहा’: त्या फॉरवर्डमधला एकेक दावा

एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘भारतीयांना थायलंडला व्हिसा लागत नाही. 60 दिवस राहा, सीमेवर जाऊन शिक्का मारून या, की पुन्हा 60 दिवस. मुदत उलटली तर किरकोळ दंड. लॅपटॉपवर काम करा, नोकरीही सहज मिळते, कर शून्य. महिना 30 हजार रुपयांत राजासारखं जगा. कंपनी काढून जमीन घ्या. गांजा कायदेशीर. काही अडलंच तर एजंट सगळं करून देतो.’ खाली ‘जास्तीत जास्त मराठी माणसांपर्यंत पोहोचवा’ अशी विनंती.

मी बँकॉकमध्ये राहतो, त्यामुळे नातेवाईक हा मेसेज पाठवतात आणि पाठोपाठ विचारतात, ‘खरं का रे हे?’ सगळं खोटं असतं तर एका शब्दात उत्तर देऊन मोकळा झालो असतो. पण यातलं निम्मं खरं आहे, आणि ते पाहुण्यासाठी खरं आहे. मेसेज लिहिणाऱ्याने पाहुण्याचे नियम उचलून थेट रहिवाशाला लावलेत. दहा दिवस फुकेत-पट्टाया करून परतणाऱ्याला यातलं काहीच आडवं येणार नाही. इथे बिऱ्हाड थाटायला निघालेल्याने मात्र पुढचं वाचावं.

‘व्हिसा लागत नाही, 60 दिवस राहा’

15 जुलै 2024 पासून भारतासह 93 देशांच्या नागरिकांना 60 दिवसांची सूट मिळाली, हे खरं. त्याआधी, नोव्हेंबर 2023 पासून, ती 30 दिवसांची होती, आणि त्याच्याही आधी आपण विमानतळावर रांग लावून 2,000 बाट भरून 15 दिवसांचा व्हिसा घ्यायचो. म्हणजे ही सरकारच्या मर्जीवरची सवलत आहे. दिवस वाढतात तसे कमीही होतात. तिकीट काढायच्या आठवड्यात थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर नियम पाहायचा, ग्रुपवर विचारायचा नाही.

सूट असली तरी विमानतळावरचा अधिकारी परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि माणशी 20 हजार बाट दाखवा म्हणू शकतो. दरवेळी म्हणत नाही, पण म्हणाला तर वाद घालून उपयोग नसतो. शिवाय 1 मे 2025 पासून डिजिटल अरायव्हल कार्ड सक्तीचं झालंय. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरायचं असतं, आणि ते फुकट आहे. हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या साइट्स त्याचे पैसे घेतात. पैसे मागितले की ती साइट बंद करायची.

‘सीमेवर जाऊन शिक्का मारून या’

ही युक्ती एके काळी सर्रास चालायची. मिनी व्हॅन पहाटे बँकॉकहून निघायच्या, कंबोडियाच्या सीमेवर शिक्के मारून रात्री परत. पण व्हिसाशिवाय रस्त्याच्या सीमेवरून आत यायचं तर एका कॅलेंडर वर्षात दोनदाच, असा नियम 2016 च्या अखेरीस आला, आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या कानावर तो अजून गेलेला नाही. विमानाने येण्याला असा आकडा बराच काळ लावलेला नव्हता, पण पासपोर्टवर पाठोपाठचे शिक्के बघून अधिकाऱ्याला कळतंच की हा माणूस फिरायला येत नाहीये. प्रवेश नाकारायचा अधिकार त्याच्याकडे असतो.

सरळ मार्ग आहे की. इमिग्रेशन कचेरीत 1,900 बाट भरून 30 दिवसांची मुदतवाढ मिळते. बँकॉककरांसाठी ती कचेरी चेंग वत्थनाच्या सरकारी संकुलात. अर्जासोबत पासपोर्टच्या झेरॉक्स द्यायच्या आणि प्रत्येक पानावर सही करायची. एका पानावर सही राहिली तर तुम्हाला बाजूला काढतात आणि मागचा पुढे सरकतो. पेन आपलं न्यावं, तिथे पेन मागणारे भरपूर असतात.

याच खिडकीवर आणखी एक गोष्ट अडते, जिच्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. परदेशी माणूस घरात राहायला आला की 24 तासांत घरमालकाने इमिग्रेशनला कळवायचं असतं. टीएम-30 म्हणतात त्याला. जबाबदारी मालकाची, पण त्याने केलं नसेल तर खिडकीवर काम तुमचं खोळंबतं. म्हणून भाडेकरार करतानाच विचारायचं, ‘टीएम-30 भरणार ना?’ मालकाने नजर चुकवली तर दुसरं घर बघावं. लांब मुदतीच्या व्हिसावर असाल तर दर 90 दिवसांनी आपला पत्ता आपणही कळवायचा असतो. तारखेच्या 15 दिवस आधीपासून 7 दिवस नंतरपर्यंत मुभा असते, नंतर 2,000 बाट दंड.

‘मुदत उलटली तर किरकोळ दंड’

दिवसाला 500 बाट, जास्तीत जास्त 20 हजार. इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पुढचं गाळलंय. 90 दिवसांपेक्षा जास्त राहून स्वतःहून विमानतळावर गेलात तर एक वर्ष प्रवेशबंदी, वर्षापेक्षा जास्त राहिलात तर तीन वर्षं, आणि हे चढत दहा वर्षांपर्यंत जातं. स्वतःहून न जाता रस्त्यात तपासणीत सापडलात, तर मुदत अगदी थोडीशी उलटलेली असली तरी पाच वर्षं. त्यात इमिग्रेशनच्या कोठडीतला मुक्काम वेगळा. मार्च 2016 पासून हे लागू आहे.

‘लॅपटॉपवर काम करा, नोकरीही सहज मिळते’

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात महाग चूक याच ओळीत आहे.

थाई कायद्यात कामाची व्याख्या फार रुंद आहे: कोणताही व्यवसाय करणं, मालक असो वा नसो. कॅफेत लॅपटॉप उघडून पुण्याच्या कंपनीच्या ईमेलला उत्तर देणाऱ्याला कोणी पकडायला येत नाही, हेही खरं. पण महिनोन्‌महिने असंच राहायचं असेल तर त्यासाठी जुलै 2024 पासून वेगळा व्हिसा आहे, डीटीव्ही. पाच वर्षांची मुदत, एका प्रवेशावर 180 दिवस, खात्यात 5 लाख बाट दाखवावे लागतात आणि परदेशातल्या कामाचा पुरावा द्यावा लागतो. शुल्क साधारण 10 हजार बाट. या व्हिसावर थाई कंपनीची नोकरी मात्र करता येत नाही.

थाई कंपनीत काम करायचं तर नॉन-बी, म्हणजे नोकरी-व्यवसायाचा व्हिसा आणि वर्क परमिट, दोन्ही. एका परदेशी माणसामागे कंपनीला साधारणपणे 20 लाख बाट भांडवल आणि चार थाई कर्मचारी दाखवावे लागतात. म्हणूनच छोटा हॉटेलवाला ‘ये, बघू’ म्हणतो आणि पुढे काहीच होत नाही. काही कामं तर परदेशी माणसाला मुळातच बंद आहेत: टुरिस्ट गाइड, केस कापणं, थाई मसाज, फेरीवाला, दुकानात गिऱ्हाइकाला माल विकणं, गाडी चालवणं. ‘मराठी पर्यटकांना फिरवून चार पैसे कमावू’ असं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी ही यादी दोनदा वाचावी. परमिटशिवाय सापडलात तर 5 ते 50 हजार बाट दंड, वर देशाबाहेर पाठवणी, आणि पुढची दोन वर्षं परमिट नाही.

‘आधी टुरिस्ट म्हणून या, परमिटचं आम्ही बघतो’ असं सांगणारी नोकरी आली तर खूप सावध राहा. डेटा एंट्री, कस्टमर सपोर्ट, पगार भारतातल्या दुप्पट, मुलाखत टेलिग्रामवर. बँकॉकला उतरल्यावर गाडी ऑफिसकडे न जाता वायव्येला मे सोतकडे धावते. मोई नदीपलीकडे म्यानमारमधलं म्यावाडी, तिथल्या कुंपणांच्या आत पासपोर्ट काढून घेतात आणि ऑनलाइन फसवणुकीचं काम करायला लावतात. मार्च 2025 मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी मे सोतहून पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणलं. त्याच वर्षी महाराष्ट्र सायबरनेही अशा प्रकरणात एजंटांना अटक केली. यातल्या कित्येकांना आपण थायलंडमध्येच नोकरीला चाललोय असं वाटत होतं. नोकरीचं पत्र आलं तर निघण्यापूर्वी बँकॉकमधल्या भारतीय दूतावासाला ईमेल करून कंपनीबद्दल विचारा. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

‘कर शून्य’

2023 पर्यंत ही पळवाट होती. परदेशात कमावलेले पैसे त्याच वर्षी न आणता पुढच्या वर्षी थायलंडमध्ये आणले की कर नाही. 1 जानेवारी 2024 पासून ती बुजवली. आता एका कॅलेंडर वर्षात 180 किंवा जास्त दिवस इथे राहिलात तर तुम्ही कररहिवासी, आणि त्या तारखेनंतर परदेशात कमावलेले पैसे इथे कधीही आणले तरी ते हिशोबात धरले जातात. गंमत बघा, डीटीव्ही एका खेपेला 180 दिवस देतो आणि कररहिवासी ठरायलाही तेवढेच दिवस लागतात. जानेवारीत येऊन पूर्ण मुदत राहिलेला माणूस बरोबर जाळ्यात. चार दिवस आधी परतलात तर सुटलात.

पहिल्या दीड लाख बाटच्या करपात्र उत्पन्नावर कर नाही, पुढे 5 टक्क्यांपासून 35 टक्क्यांपर्यंत टप्पे. भारत आणि थायलंडमध्ये दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, त्यामुळे तिकडे भरलेल्या कराची सूट इकडे मिळू शकते. पण ती मागावी लागते, कागद दाखवावे लागतात. आणि इथलं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, विवरणपत्र मार्चअखेर; आपलं एप्रिल ते मार्च. दोन्हींची सांगड घालताना सीएसुद्धा डोकं खाजवतात. पैसे वाचवायचे तर इतर कुठेही वाचवा, पहिल्या वर्षी इथल्या कर सल्लागाराची फी वाचवू नका.

‘कंपनी काढून जमीन घ्या’

परदेशी व्यक्तीला थायलंडमध्ये जमीन स्वतःच्या नावावर घेता येत नाही. थाई भागीदार नावापुरते उभे करून, कंपनीतल्या त्यांच्या 51 टक्के हिश्श्याच्या आडून जमीन घेणं हा गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, 1 लाख ते 10 लाख बाट दंड, आणि तो त्या थाई भागीदारालाही. फुकेत, सामुईकडे अशा कंपन्यांच्या फायली सध्या उघडून बघितल्या जातायत. थाई बायकोच्या नावावर घेतलीत तर ‘पैसे पूर्णपणे तिचेच’ असं तुमच्याकडून जमीन कार्यालयात लिहून घेतात. पुढे काडीमोड झाला तर मग बसा.

फ्लॅट घेता येतो, पण इमारतीच्या एकूण विक्रीयोग्य क्षेत्रफळापैकी 49 टक्के इतकाच भाग परदेशी मालकांच्या नावावर असू शकतो. पैसे परकीय चलनात बाहेरून यावे लागतात आणि बँकेकडून तसा दाखला घ्यावा लागतो. भारतातच बाट घेऊन पाठवले तर नोंदणी अडते. आपल्या बाजूने रिझर्व्ह बँकेची माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहेच. भाडेपट्टा 30 वर्षांपर्यंत. ‘30 अधिक 30 अधिक 30’ असं माहितीपत्रकात छापलेलं असतं, त्यातल्या पहिल्या 30 वरच विसंबावं.

‘30 हजार रुपयांत राजासारखं’

बाट अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान धरा, म्हणजे हातात साधारण 10 ते 12 हजार बाट. बँकॉकमध्ये स्कायट्रेनजवळची बरी खोली एवढ्यालाच जाते. वर दोन महिन्यांची अनामत, एक महिना आगाऊ. सरकारी वीज युनिटला चार बाटच्या आसपास, पण कित्येक घरमालक सात-आठ लावतात. करारात तो आकडा शोधा, एसीच्या देशात बिल तिथेच फुगतं. फूडकोर्टमध्ये थाळी 50 ते 80 बाट, ते परवडतं. मुलं असतील तर मात्र आंतरराष्ट्रीय शाळेची फी वर्षाला लाखांत, बाटांत. विम्याशिवाय खाजगी रुग्णालयात गेलात तर आधी अनामत मागतात.

चियांग माई स्वस्त आहे, तिथे जाऊन राहा, असाही सल्ला मेसेजमध्ये आहे. फेब्रुवारी ते एप्रिल तिथे शेतं आणि जंगलं पेटवल्याचा धूर इतका असतो की डोंगर दिसेनासे होतात. दमा असलेल्याने हे तीन महिने वगळून हिशोब करावा.

शाकाहाऱ्यांसाठी एक: ‘व्हेज’ म्हटलं तरी ताटात मत्स्यसॉस येतोच. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर असलेली, ‘जे’ म्हणजे शुद्ध शाकाहारी जेवणाची गाडी शोधा. त्यात मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही, त्यामुळे जैन मंडळींचीही बरीच सोय होते. डाळ-पीठ-मसाले बँकॉकमधल्या पाहुरतच्या भारतीय बाजारात.

‘गांजा कायदेशीर’

जून 2022 मध्ये झाला होता, जून 2025 पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नाही. ई-सिगारेटवर 2014 पासूनच बंदी, बॅगेतही आणू नका. आणि राजघराण्याबद्दल विनोद, मीम, शेअर काहीही नको. थाई दंडसंहितेच्या कलम 112 खाली प्रत्येक गुन्ह्याला 3 ते 15 वर्षं आहेत, परदेशी माणूस म्हणून सूट नाही.

‘एजंट सगळं करून देतो’

करतोही. पन्नाशी ओलांडलेल्यांना निवृत्ती व्हिसासाठी थाई बँकेत 8 लाख बाट ठेवावे लागतात किंवा महिना 65 हजार बाट उत्पन्न दाखवावं लागतं. एजंट चार दिवसांपुरते स्वतःचे पैसे तुमच्या खात्यात टाकतो, शिक्का मिळाला की काढून घेतो. नियम मात्र सांगतो की पैसे अर्जाआधी दोन महिने असावेत, मंजुरीनंतर तीन महिने तसेच राहावेत, आणि पुढे 4 लाखांखाली जाऊ नयेत. चौकशी झाली तर शिक्का पासपोर्टवर तुमच्या, एजंटचा फोन बंद. अर्ज भरून देणारा, रांगेत बसणारा एजंट जरूर घ्या, पण खात्यात पैसे फिरवणारा नको. बाकी फोनमध्ये एवढे नंबर ठेवा: इमिग्रेशन 1178, टुरिस्ट पोलीस 1155, रुग्णवाहिका 1669. भारतीय दूतावास सुखुमवितच्या सोई 23 मध्ये आहे, आणि उत्तरेकडे राहणाऱ्यांसाठी चियांग माईला वाणिज्य दूतावास.