तीन खुर्च्या, दोन सॉकेट

लंडनला राहणाऱ्या मुलीने आमची तिकिटे काढली आणि फोनवर सांगितले, ‘‘बाबा, या विमानात प्रत्येकाच्या समोर स्वतंत्र टीव्ही आहे, खुर्चीलाच चार्जिंग आहे आणि वायफायसुद्धा मिळतं. साडेनऊ तास कसे गेले ते कळणार नाही.’’ तिने सांगितलेल्या तिन्ही सोयी खुर्चीवर होत्या, हे मी आरंभीच मान्य करतो. त्या कोणाच्या मालकीच्या होत्या, एवढाच प्रश्न होता; आणि ‘हे नेमके कोणाचे’ या प्रश्नाशी आम्हा बेळगावकरांचा परिचय १९५६ पासूनचा असल्याने तो मला सहज सुटेल, असा माझा समज होता.

अडचणी विमानाच्या आधीच सुरू झाल्या. बेळगावाहून मुंबईला आम्ही रात्रीच्या स्लीपर बसने निघालो. उशाशी चार्जिंगचा पॉइंट होता, पण त्यात घातलेला प्लग प्रत्येक गतिरोधकाला बाहेर पडत असे. वर्तमानपत्राच्या कपट्याची घडी करून ती पिनेबरोबर आत दाबली, तेव्हा प्लग टिकला. मग लक्षात आले की त्या पॉइंटात वीजच नाही. सकाळी फोन ३८ टक्क्यांवर आला होता. तरीही मी निश्चिंत होतो, कारण भाच्याने खडे बाजारातून आणून दिलेली पॉवर बँक जवळ होती. ती विटेएवढी होती आणि तिच्यावर ३०,००० हा आकडा ठळक छापलेला होता. नेमका तोच आकडा आडवा आला. काउंटरवरच्या मुलीने समजावून सांगितले की पॉवर बँक हातातल्या बॅगेतच न्यायची असते, आणि तीही १०० वॉट-अवरपर्यंतचीच. त्यापुढे १६० पर्यंत नेण्यासाठी विमान कंपनीची आधी परवानगी लागते. तिने ३०,००० मिलिअँपिअर-अवरला ३.७ व्होल्टने गुणले, हजाराने भागले आणि १११ हे उत्तर माझ्यासमोर धरले. बँकेत बत्तीस वर्षे मी लोकांचे कर्जाचे अर्ज तपासले. अकरा वॉट-अवरसाठी अर्ज फेटाळला जातो तेव्हा काय वाटते, हे त्या दिवशी मला काउंटरच्या अलीकडच्या बाजूने कळले.

विमानात आमची रांग तीन खुर्च्यांची होती. खिडकी बायकोची, कारण ती निपाणीची आहे आणि लाल बसमध्येसुद्धा तिने कधी खिडकी सोडलेली नाही. कडेची खुर्ची एका तरुणाची आणि मधली माझी. हा तरुण गोकाकचा निघाला. हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये विमानाचे भाग बनतात, तिथे काही वर्षे काम करून तो आता इंग्लंडला नोकरीला चालला होता. घरची भाषा कानडी. मराठी मात्र आमच्यासारखीच, म्हणजे पुण्याच्या माणसाला जी ऐकून दोघेही कानडीच वाटावेत अशी.

पाय लांब करायला गेलो, तेव्हा डाव्या पायाला काहीतरी कठीण लागले. वाकून पाहिले, तर पुढच्या खुर्चीखाली एक धातूचा डबा होता, घरी मांडे ठेवतो त्या डब्याच्या साधारण निम्मा.

‘‘सीट इलेक्ट्रॉनिक बॉक्स म्हणतात ओ त्याला, काका,’’ गोकाककर म्हणाला. ‘‘टीव्ही, आवाज, सगळं त्यातनंच येतंय.’’

म्हणजे माझ्या करमणुकीसाठी माझ्याच पायांच्या जागेचे भूसंपादन झाले होते. भरपाई म्हणून निदान करमणूक तरी पदरात पाडून घ्यावी, या हेतूने मी समोरच्या पडद्याला हात घातला.

विमानातल्या करमणुकीला शंभर वर्षे होऊन गेली आहेत. १९२१ साली शिकागोवर उडणाऱ्या एका विमानात प्रवाशांना मूकपट दाखवला गेला होता. पुढे कित्येक वर्षे चित्रपटाचा आवाज डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारख्या पोकळ नळ्यांतून प्रवाशांच्या कानात येत असे. एका अमेरिकी कंपनीने १९८८ साली खुर्चीच्या पाठीत पडदे बसवले, तेव्हा ते २.७ इंचांचे होते, म्हणजे काड्यापेटीहून किंचित मोठे. माझ्यासमोरचा पडदा चांगला ताटाएवढा होता. फक्त त्याला माझे बोट ओळखू येत नव्हते. मी ‘हिंदी’वर बोट ठेवले की ‘लहान मुलांसाठी’ उघडे, आणि ‘मागे जा’वर ठेवले की आवाज वाढे. नोटा मोजून बोटे गुळगुळीत झाली असावीत, असे समजून मी जरा जोर लावला. तिसऱ्या दाबाला पुढच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी मागे वळून पाहिले, कारण माझा ‘मागे जा’ थेट त्यांच्या मानेत जात होता. याचा सूड नियतीने लगेच घेतला. माझ्या मागच्या खुर्चीत आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा होता, त्याच्या पडद्यावर फळे फोडायचा खेळ होता, आणि त्याचा पडदा माझ्या डोक्याच्या बरोबर मागे होता. अरबी समुद्र संपेपर्यंत त्याने माझ्या टाळूवर किती कलिंगडे फोडली, याचा हिशेब मी ठेवला नाही.

अखेर हवाई सुंदरीने आमच्या खुर्चीचा पडदा ‘रिसेट’ करते, असे सांगितले. पडदा काळा झाला, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरे भराभर वर सरकू लागली आणि डाव्या कोपऱ्यात एक गुबगुबीत पेंग्विन येऊन बसला.

‘‘काय ओ हे?’’ बायकोने स्वतःचा चित्रपट थांबवून विचारले. ‘‘पेंग्विनचा पिक्चर लावलाय होय?’’

‘‘लिनक्स ओ काकू,’’ गोकाककर म्हणाला. ‘‘ह्या टीव्हीच्या आतली सिस्टिम. सुरू होताना पेंग्विन दाखवतंय.’’

सात-आठ मिनिटे मी पेंग्विन पाहिला. मग चित्रपटांची यादी आली, एक चित्रपट सुरू झाला, नायिकेचे वडील हातात पत्र घेऊन खुर्चीतून उठले, आणि चित्र थांबले. विमानात कोणतीही घोषणा झाली की सर्वांचे पडदे आपोआप थांबतात. सुरक्षिततेसाठी ते योग्यच आहे. पण ही घोषणा अत्तर आणि घड्याळांच्या विक्रीची होती आणि ती आधी इंग्रजीतून, मग हिंदीतून झाली. घोषणा संपली तेव्हा माझा पडदा पुन्हा काळा होता आणि कोपऱ्यात पेंग्विन आला होता. पत्रात काय होते, ते मला आजही ठाऊक नाही.

दुसऱ्या रिसेटनंतर एकच गोष्ट चालू झाली, ती म्हणजे नकाशा. पण नकाशा चांगला होता. आमचे विमान पांढऱ्या माशीसारखे वायव्येला सरकत होते, बाहेरचे तापमान उणे ५४ अंश होते आणि उंची ३६,००० फूट होती. बोटाने चिमटा काढून मी नकाशा भारतावर आणला, मुंबईखाली उतरलो, कोल्हापूर ओलांडले आणि आमचे गाव शोधून काढले. इंग्रजी अक्षरांत ‘बेलगाम’ असे लिहिले होते.

‘‘स्पेलिंग जुनं आहे की ओ,’’ गोकाककर म्हणाला. ‘‘२०१४ लाच बदललं.’’

२०१४ च्या १ नोव्हेंबरला सरकारी कागदोपत्री ते ‘बेळगावी’ झाले, हे खरे. १ नोव्हेंबर हा दिवस आमच्या शहरात एकाच वेळी एका बाजूला राज्योत्सव आणि दुसऱ्या बाजूला काळा दिवस असतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. म्हणून आम्ही काही क्षण नकाशाकडेच पाहत राहिलो. मग त्यानेच दाखवले की या नकाशावर देशांच्या सीमा आहेत, पण राज्यांच्या नाहीत. बेळगाव त्या पडद्यावर कोणत्याच राज्यात नव्हते. नकाशा तयार करणाऱ्यांनी हा प्रश्न बहुधा फॉन्टच्या आकारावर सोडवला असावा.

एव्हाना फोन २६ टक्क्यांवर उतरला होता, आणि आता सॉकेटकडे वळणे भाग होते.

सॉकेट खुर्च्यांच्या मध्ये, गुडघ्यांच्या खाली, बोटांना सापडेल पण डोळ्यांना दिसणार नाही अशा बेताने बसवलेले असतात. अंधारात चाचपडताना मी प्रथम बायकोची पर्स, मग गोकाककराचा बूट आणि शेवटी माझाच सीटबेल्ट तपासला. सॉकेट तीन खुर्च्यांमागे दोन निघाले. एक बायकोच्या आणि माझ्या मध्ये. त्यात तिचा फोन ८४ टक्क्यांवर असतानाही ‘असू दे, उपयोगी पडेल’ म्हणून लावलेला होता. दुसरा माझ्या आणि गोकाककराच्या मध्ये. त्यात त्याचा लॅपटॉप होता. दोन्ही सॉकेट माझ्या सीमेवर होते आणि एकही माझा नव्हता. आमच्या सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ साली दाखल झाला आहे, तेव्हा अशा बाबतीत दाव्यापेक्षा वाटाघाटी बऱ्या, हे मी जाणतो. बायकोकडे पाहिले, ती झोपली होती, किंवा झोपल्यासारखी दिसत होती. गोकाककराने मात्र लगेच लॅपटॉप काढला. ‘‘घ्या की काका, त्यात काय.’’

मी प्लग घातला. दिवा लागला नाही. काढून पुन्हा घातला, पुन्हा नाही.

‘‘इल्ला री, तसं नाही. दोन्ही पिना एकदम आत गेल्या पाहिजेत. एक आधी, एक मागनं गेली तर हे चालूच होत नाही. लहान पोरांनी काही खुपसू नये म्हणून तसं केलंय.’’

माझ्या प्लगची एक पिन बसमधल्या कपट्याच्या प्रयोगाने वाकली होती, त्यामुळे ती दुसरीच्या किंचित मागे राहत असे. ती दातांनी सरळ करावी की नाही, हा विचार करत असताना गोकाककराने मला विमानाची वीज समजावून सांगितली. इंजिनांवरच्या जनित्रांतून बहुतेक विमानांत ११५ व्होल्टची वीज येते, पण ती सेकंदाला ४०० फेऱ्यांची असते. आपल्या घरी ५० फेऱ्या. आपल्या चार्जरला सोसावी म्हणून ती खुर्चीखालीच ११० व्होल्ट आणि ६० फेऱ्यांची करून सॉकेटात सोडतात. शिवाय सगळ्या विमानासाठी मिळून एक मर्यादा असते. ठरलेल्या भारापेक्षा जास्त मागणी झाली की ज्यांचे आधीपासून चालू आहे त्यांचे चालू राहते आणि नव्याने प्लग घालणाऱ्याला थांबावे लागते. मला हे नवीन नव्हते. खानापुराकडचे शेतकरी मोटारीला थ्री फेज रात्री मिळते म्हणून रात्री उठून शेतात जातात. इथेही तेच धोरण होते, फक्त शेत ३६,००० फुटांवर होते.

पिन सरळ झाली, दिवा हिरवा झाला. पण प्लग सैल होता, म्हणून मी तो गुडघ्याने दाबून धरला. अर्ध्या तासाने मला डुलकी लागली, गुडघा ढळला आणि प्लग खाली गेला. मी जागा होऊन पुन्हा घातला, तोपर्यंत निम्मे विमान जेवणानंतर फोन लावून बसले होते. आता दिवा लागेना. आमचा क्रमांक गेला होता.

तेवढ्यात बायको जागी झाली आणि निपाणीच्या बहिणीला ‘निघालो’ असा निरोप द्या म्हणाली. आपल्या हद्दीत विमान ३,००० मीटरांच्या वर गेल्याशिवाय वायफाय वापरता येत नाही. आम्ही तर केव्हाच हद्दीबाहेर होतो, तेव्हा हरकत नव्हती. मजकुराचे संदेश मोफत होते. आमचे वायफाय भूस्थिर उपग्रहावरून येत होते, आणि तो उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. चाचणी म्हणून मी शेजारच्याच बायकोला ‘मिळाला का?’ असा संदेश पाठवला. तो विमानातून उपग्रहाकडे, तिथून जमिनीवर, पुन्हा उपग्रहाकडे आणि पुन्हा विमानात, असा सुमारे एक लाख त्रेचाळीस हजार किलोमीटरचा प्रवास करून माझ्यापासून एक वीत अंतरावर पोहोचणार होता. बराच वेळ एकच बरोबरची खूण राहिली. दरम्यान बायकोने कोपराने उत्तर दिले, ते तत्काळ पोहोचले.

तिला मुलीचा चेहरा पाहायचा होता, आणि त्यासाठी पैसे भरून मोठा पॅक घेणे आवश्यक होते. मी कार्डाचा सोळा आकडी क्रमांक भरला. पडद्यावर अक्षरे उमटली की तुमच्या मोबाइलवर पाठवलेला ओटीपी पाच मिनिटांत टाका. ओटीपी एसएमएसने येणार होता, एसएमएसला सिम लागते, आणि माझे सिम विमानाच्या नियमानुसार मुंबईपासून बंद होते. घड्याळ उलटे चालले होते. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हे ग्राहकांना बजावण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. बँकेने तो सल्ला इतका मनावर घेतला होता की हा ओटीपी मलासुद्धा सांगितला नाही. मी तीन वेळा प्रयत्न केला. फोन ११ टक्क्यांवर आला आणि कार्ड चोवीस तासांसाठी बंद झाले.

उतरायला तासभर उरला असताना बायकोचा फोन शंभर टक्के झाला आणि तिने तिचा सॉकेट उदार मनाने मला दिला. हा घट्ट होता. दोन्ही पिना एकदम गेल्या, हिरवा दिवा लागला, फोनच्या कोपऱ्यात विजेची खूण उमटली. मी तिच्याकडे पाहतच होतो, तोच घोषणा झाली: विमान लवकरच खाली उतरेल, खुर्च्यांची पाठ सरळ करावी, चार्जर काढून ठेवावेत, सॉकेटांचा वीजपुरवठा आता बंद करण्यात येत आहे. हिरवा दिवा विझला. नकाशावर मात्र माशी लंडनच्या अगदी टोकाला जाऊन पोहोचली होती.

धावपट्टीवर चाके टेकली आणि माझा फोन मिटला. बायकोचा फोन पूर्ण भरलेला होता, पण त्यात मुलीचा इंग्लंडचा क्रमांक नव्हता; तो माझ्या फोनमध्ये होता. ‘‘तुमचा नंबर द्या की काका,’’ गोकाककर म्हणाला. ‘‘मी मिस्ड कॉल देतो. चार्ज झाला की बघा, काही लागलं तर फोन करा.’’ त्याने माझा क्रमांक टिपून घेतला आणि बरोबर आहे का, हे पाहण्यासाठी पडदा माझ्यापुढे धरला. कानडी अक्षरे मला शाळेपासून वाचता येतात. त्याने लिहिले होते, ‘बेळगाव काका चार्जर’. आडनावाच्या जागी ‘चार्जर’ होते, पण गावाच्या मागे ‘वी’ नव्हता.