आयफोन म्हणजे सोनं नव्हे गो मावशी

परवा गोव्यातल्या डिचोलीहून मावशीचा फोन. "अरे, सोसायटीतली ठेव मुदतीआधी मोडली तर किती कापतात?" मला वाटलं घरात कोण आजारी पडलं. तर नाही. धाकटीला फर्मागुडीला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली, तिला आयफोन घेऊन द्यायचाय, थोडे पैसे ठेवीतले आणि बाकी ईएमआय. एवढी हिंमत कुठून आली तर ग्रुपवरच्या मेसेजवरून. तोच मेसेज मला आतापर्यंत चार ग्रुपांवर आलाय, देवळाच्या ग्रुपवरसुद्धा, आणि तिथे खाली लोकांनी हात जोडलेत.

मेसेजचं नाव 'ॲपलने जग जिंकले'. आत काय, तर जगात २३५ कोटी लोकांकडे आयफोन आहे, भारतात आता आयफोनच एक नंबर, अँड्रॉइड दोन वर्षांत बंद, आयफोन भारतात बनतो म्हणून तो घेणं देशसेवा, आणि शेवटचं म्हणजे 'आयफोन म्हणजे सोनं, किंमत उतरत नाही, ईएमआयवर घेतला तरी फायदाच'.

आधी ते २३५ कोटी. हा आकडा हवेतला नाही, जानेवारी २०२५ मध्ये ॲपलनेच सांगितलाय. पण तो चालू असलेल्या सगळ्या वस्तूंचा आहे, म्हणजे आयफोन, आयपॅड, मॅक, हातातलं घड्याळ, सगळं धरून. एका माणसाकडे तीन वस्तू असल्या तर तो तिथे तीनदा मोजला जातो. मेसेज लिहिणाऱ्याने वस्तू पुसून लोक लिहिलं, झालं काम.

भारतात एक नंबर? आयडीसी नावाची कंपनी आहे, कुठल्या देशात कुणाचे किती फोन गेले ते मोजणं हाच तिचा धंदा. तिचे २०२४ चे आकडे बघा, भारतात वर्षभरात साधारण १५ कोटी १० लाख स्मार्टफोन गेले, त्यातले ॲपलचे १ कोटी २० लाख. भागाकार करा, शंभरात आठ. एक नंबरवर विवो होती. ॲपल वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदा पहिल्या पाचात आली, आणि त्या तीन महिन्यांचा हिस्सा होता १० टक्के. वाढ जोरात आहे हे मान्य, आदल्या वर्षापेक्षा ३५ टक्के जास्त, पण शंभरात आठ म्हणजे एक नंबर हे कुठल्या शाळेतलं गणित?

जगाच्या बाबतीत मात्र मेसेजवाल्याला अर्धे मार्क द्यावे लागतात, नाइलाज आहे. २०२३ मध्ये ॲपलने सॅमसंगला मागे टाकलं, २३ कोटी ४६ लाख फोन, २०.१ टक्के हिस्सा, आणि २०२४ मध्येही पहिला नंबर टिकवला. पण पहिला म्हणजे पाचात एक. उरलेले चार दुसरंच काहीतरी घेतात.

आता खरी गोम. ॲपलने २०१८ च्या नोव्हेंबरात सांगून टाकलं की यापुढे किती आयफोन विकले तो आकडा आम्ही देणार नाही. म्हणून आज मार्केट शेअरवर जो तो भांडतो ते सगळं बाहेरच्यांच्या अंदाजांवर. पण जुना आकडा आहे ना. २०१५ च्या आर्थिक वर्षात कंपनीने स्वतः सांगितलेले आयफोन २३ कोटी १२ लाख, त्यातून मिळाले १५५ अब्ज डॉलर. २०२४ साठी आयडीसीचा अंदाज २३ कोटी २१ लाख फोन, आणि कंपनीच्या हिशेबात आयफोनचे २०१ अब्ज डॉलर. (एक आर्थिक वर्ष, एक कॅलेंडर वर्ष, थोडं इकडेतिकडे होणार, ते सोडा.) नऊ वर्षांत फोन जवळपास तेवढेच आणि पैसे ४६ अब्ज डॉलर जास्त. म्हणजे वर्षाला खपणारे फोन वाढले नाहीत, प्रत्येक फोनामागे घेतलेला पैसा वाढला. ह्याला यश म्हणायचं तर म्हणा, धंदा म्हणून मोठंच यश आहे, पण ते कंपनीचं आणि शेअर घेतलेल्यांचं. मावशीच्या ठेवीला त्यातलं काय मिळणार?

आणि म्हणूनच ते सोन्याचं वाक्य डोक्यात जातं. आयफोन १५ सप्टेंबर २०२३ मध्ये आला तेव्हा भारतात ७९,९०० रुपये. वर्षाने १६ आला त्या दिवशी कंपनीनेच १५ चा भाव ६९,९०० केला. १६ चंही तेच, ७९,९०० ला आला आणि पुढच्या सप्टेंबरात ६९,९००. हा सील न फोडलेल्या डब्याचा भाव, वापरलेल्याचं तर बोलूच नका. त्याच दोन वर्षांत सोनं कुठे पोचलं ते मावशीला मी सांगायला नको, तिनेच पाटल्या करायचं पुढे ढकललंय. हां, जुना आयफोन विकताना इतर फोनांपेक्षा बरे पैसे येतात हे खरं, आणि २०१९ चा आयफोन ११ ॲपलचं २०२५ मधलं सॉफ्टवेअर, आयओएस २६, घेतो हेही खरं. पण कमी बुडतो म्हणजे बुडत नाही असं होत नाही.

त्यात ईएमआय. 'नो कॉस्ट' म्हणून जी पाटी लावतात त्याबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बजावलंय की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. व्याज असतंच, ते डिस्काउंट म्हणून वळतं करतात, क्रेडिट कार्डावर घेतलं तर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बहुतेक वेळा आपल्याच माथी.

मावशीच्या घरात हे पहिल्यांदा होतंय असंही नाही. काकांनी कर्ज काढून लोखंडाच्या खाणीवर ट्रक लावला तेव्हा आख्खा गाव म्हणत होता, माल चीनला जातोय, एवढ्या मोठ्या कंपन्या, पैसे बुडतील कसे. २०१२ च्या सप्टेंबरात सरकारने गोव्यातल्या खाणी बंद केल्या, ट्रक दारात आणि हप्ते चालू. पावसात त्या ट्रकाच्या हौद्यात गवत उगवलेलं मी बघितलंय. माल चीनला कोण पाठवत होतं आणि हप्ता कोण भरत होतं हे मावशीला पाठ असायला हवं.

राहिलं काय, अँड्रॉइड बंद? भारतातल्या शंभर स्मार्टफोनांतले नव्वदच्या वर त्यावर चालतात आणि गुगल त्यावर बक्कळ कमावतं, ते कशाला बंद करतील. देशसेवा म्हणाल तर आयफोन तमिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदूरला जुळवतात हे खरंच, पण अँड्रॉइडवाले फोनसुद्धा नोएडाला बनतातच की, मग ती सेवा वीस हजारांतही होते.

पोरीला फोन लागणार, त्याबद्दल वाद नाही. मावशी, ठेव पिकायला तीनच महिने राहिलेत, पावती कपाटातच राहू दे. चवथीला येतो तेव्हा आपण दोघं म्हापशाला जाऊन बघू, आणि दुकानात बोलणी मी करीन.