‘पुढच्या ब्रेकला हात लावू नका’ म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

परवा रात्री भाचीने तिच्या मोटारसायकलचा फोटो पाठवला. शनिवारी ती पहिल्यांदाच एकटी, आठ दिवसांच्या प्रवासाला निघतेय. मागच्या कॅरिअरवर तंबू, त्यावर पाने-पकडींची पिशवी, त्यावर पाण्याचा पाच लिटरचा कॅन आणि सगळं दोन बंजींनी (टोकाला हुक असलेल्या लवचिक दोऱ्यांनी) आवळलेलं. खाली लिहिलं होतं, “आत्या, सगळं त्या मेसेजप्रमाणे केलंय. टायरमधली हवासुद्धा कमी केली.”

तो मेसेज म्हणजे ‘लांब पल्ल्याच्या बाईकस्वारांसाठी आठ सुवर्णनियम’. तीस वर्षं गाडी चालवणाऱ्या कुणा निनावी माणसाचा अनुभव म्हणून तो फिरतोय. माझ्याकडे महिनाभरात चार जणांकडून आला आणि चारही वेळा मी तो नुसता वर सरकवून दिला. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं. नियम थोडक्यात असे: वेगात असताना पुढच्या ब्रेकला हात लावू नका. धडक टळत नसेल तर गाडी आडवी टाका. लांब जाताना टायरमधली हवा पाच-सहा पीएसआयने (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) कमी ठेवा. जड सामान मागच्या टोकाला बांधा, म्हणजे मागचं चाक रस्ता धरतं. वस्तीत शिरलात की हेल्मेट काढून मानेला आराम द्या. उन्हात जॅकेट नको. रात्री चालवा. पाणी कमी प्या.

पहिल्या नियमापासूनच सुरुवात करते, कारण बाकीच्यांपेक्षा जास्त माणसं यानेच मरतील.

“पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून उडतो.” ही भीती खरी आहे आणि ती कुठून येते तेही मला माहीत आहे. सायकल शिकताना कुणीतरी आपल्याला हेच सांगितलेलं असतं. पण मोटारसायकल थांबताना काय होतं ते बघा. ब्रेक लागला की सगळं वजन पुढे झुकतं. पुढचे शॉक दबतात, पुढचा टायर रस्त्यावर घट्ट रुतून बसतो आणि मागचं चाक हलकं होतं. हलकं चाक काय थांबवणार? जोरात ब्रेक मारल्यावर गाडी थांबवण्याचं 70 टक्क्यांहून अधिक काम पुढचं चाक करतं. म्हणून तर पुढची डिस्क मोठी असते. गाडी बनवणाऱ्यांनी ती शोभेसाठी लावलेली नाही.

आकडे मांडून बघू. ताशी 80 किलोमीटर वेग, कोरडा डांबरी रस्ता. दोन्ही ब्रेक नीट वापरले तर ब्रेक लागल्यापासून साधारण 35 मीटरमध्ये गाडी उभी राहते. फक्त मागच्या ब्रेकवर त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतर लागतं. आणि मला झोप लागू दिली नाही ती गोष्ट याच्या पुढची आहे. पहिली गाडी जिथे थांबून उभी आहे, त्याच जागी दुसरी गाडी अजून ताशी 55 किलोमीटरच्या आसपास वेगाने धावत असते. एकाने फक्त दचकायचं आणि दुसऱ्याने 55 च्या वेगाने ट्रकच्या मागच्या बाजूवर आदळायचं, एवढा हा फरक आहे.

हे मी आज शोधून काढलेलं नाही. 1981 साली सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी मोटारसायकल अपघातांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांच्या पथकाने लॉस एंजेलिस भागातल्या 900 हून अधिक अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती आणि 3600 अपघातांचे पोलीस अहवाल त्याच्या जोडीला अभ्यासले होते. अपघाताच्या क्षणी चालक काय करतो याचं त्यात ठसठशीत उत्तर आहे: मागचा ब्रेक इतका दाबतो की चाक जाम होऊन घसरतं आणि पुढचा पुरेसा दाबतच नाही. म्हणजे हा मेसेज जे करायला सांगतो, तेच करत ती माणसं आदळली होती. त्यातले 92 टक्के चालक कुठलंही प्रशिक्षण न घेता, स्वतःचं स्वतः किंवा घरच्या-मित्रांकडून शिकलेले होते. त्यांनाही हे नियम असेच कुणीतरी प्रेमाने दिले असतील.

अहवाल जुना आहे, कबूल. तेव्हा एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, नव्हतं, गाड्या वेगळ्या होत्या. पण वजन पुढे झुकण्याचा नियम तेव्हापासून बदललेला नाही. आणि मेसेजमध्ये जे अर्धं सत्य आहे, तेही मान्य करते: खडी, वाळू किंवा ओल्या गवतावर, किंवा अगदी कमी वेगात, हँडल वळवलेलं असताना पुढचा ब्रेक खसकन दाबला तर गाडी पडते. वळणात झुकलेली असतानाही. याचा अर्थ ब्रेक खसकन दाबायचा नाही, एवढाच. आधी हलकेच दाबून वजन पुढे येऊ द्यायचं, शॉक बसला की मग दाब वाढवत न्यायचा. हा सवयीचा भाग आहे आणि सवय रिकाम्या मैदानात करता येते. ब्रेकच वापरू नका म्हटलं की ती कधीच होत नाही.

“धडक टळत नसेल तर गाडी आडवी टाका.” हे वाचून मला खरोखर संताप आला, कारण यात शौर्याचा वास आहे आणि तरुण मुलांना तोच आवडतो. गाडीला रस्ता धरता येतो तो दोन टायरांमुळे. हाताच्या तळव्याएवढे रबराचे दोन तुकडे रस्त्याला टेकलेले असतात आणि आपला सगळा ताबा तेवढ्यावर असतो. गाडी आडवी केली की रस्त्याला काय लागतं? फूटरेस्ट, सायलेन्सर, प्लास्टिक. लोखंड आणि प्लास्टिक डांबरावर घसरतं, रबर चिकटतं. 80 च्या वेगाने आडवी घसरत गेलेली गाडी थांबायला साधारण 60 मीटर घेते. त्या साठ मीटरमध्ये वळवता येत नाही, ब्रेक नाही, आणि तुम्ही गाडीपासून सुटून जिकडे जाल तिकडे. समोर ट्रक असेल तर त्याच्या चाकांखाली. हर्ट यांच्या अहवालात अजून एक आकडा आहे: धोका उभा राहिल्यापासून धडकेपर्यंत चालकाच्या हातात सहसा दोन सेकंदही नसतात. त्या वेळात गाडी आडवी टाकायचा निर्णय कोण घेतो? ‘मी गाडी मुद्दाम पाडली’ म्हणणाऱ्या बहुतेकांचं मागचं चाक जाम होऊन घसरलेलं असतं आणि त्या घसरण्याला नंतर निर्णयाचं नाव मिळतं, असं माझं स्पष्ट मत आहे. शेवटच्या क्षणापर्यंत टायरवर राहा आणि वेग उतरवत राहा. 80 चा वेग 30 वर आला तरी ती वेगळीच धडक असते.

आता हवा. “प्रवासात टायर तापतो, हवा फुगते, टायर फुटतो, म्हणून आधीच कमी भरा.” हवा तापून फुगते हे बरोबर. पण टायर तापतो कशाने, हे मेसेज लिहिणाऱ्याने विचारलंच नाही. हवा कमी असली की टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतात, आणि वाकण्यातूनच उष्णता तयार होते. त्यात सामानाचं वजन घाला. कमी हवा, जास्त वजन आणि तासन्‌तास वेग, हाच टायर फुटण्याचा रस्ता आहे. दाब किती ठेवायचा ते गाडीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं, तो टायर गार असतानाचा आकडा असतो, आणि सामान किंवा मागे माणूस असेल तर मागच्या टायरसाठी सहसा त्याहून जास्त दाब दिलेला असतो. म्हणजे नेमकं उलटं. वाटेत तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नका, तो वाढणं आकड्यात धरलेलं आहे. वाळूतून किंवा चिखलातून जायचं असेल तेव्हा जाणकार लोक हवा उतरवतात, हे खरं. पण ते वेगही उतरवतात, सोबत पंप ठेवतात आणि डांबरावर चढायच्या आधी पुन्हा भरतात.

सामानाचं बघताना भाचीचा फोटोच डोळ्यांसमोर येतो. मागच्या आसाच्याही पलीकडे, उंचावर वजन ठेवलं की ते तरफेसारखं काम करतं आणि पुढचं चाक हलकं करतं. पुढचं हलकं झालं की हँडल वेगात लहरायला लागतं, आणि ज्या पुढच्या टायरने थांबायचं त्याचीच पकड जाते. तिन्ही नियम एकत्र पाळले तर काय होतं ते तिच्या गाडीवर दिसत होतं: पुढचं चाक हलकं, मागचा टायर मऊ, आणि मनात पुढचा ब्रेक न दाबण्याची शपथ.

जड वस्तू खाली आणि मध्यभागी, बसणाऱ्याच्या जितक्या जवळ तितक्या बऱ्या. पाने, पंक्चर किट आणि पाणी सॅडल बॅगांच्या तळाशी, दोन्ही बाजूंना सारखं वजन. तंबू, झोपायची पिशवी, कपडे हे हलकं सामान मागे चालतं. रेनकोट आणि प्रथमोपचाराची पेटी सगळ्यात वर, पावसात किंवा रक्त वाहत असताना पिशवी उपसायला लागू नये अशी. ओळखपत्र आणि फोन मात्र अंगावर, बॅगेत नाही, कारण पडल्यावर गाडी एकीकडे आणि आपण दुसरीकडे असू शकतो. बंजी ताणतात, म्हणून सामान सरकतं, आणि निसटलेला हुक डोळ्यावर येतो किंवा चेनमध्ये अडकतो. त्याऐवजी बकलचे न ताणणारे पट्टे घ्या आणि त्यांची मोकळी टोकं बांधून टाका. वजन चढवल्यावर मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा आधीपासूनचा ताण) वाढवा, चेनचा ताण बघा, आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही ना तेही. माहितीपुस्तिकेत एकूण वजनाची मर्यादा असते, तीत तुमचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात.

हेल्मेटबद्दल फार लिहायची इच्छा नाही. 2008 च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही आरोग्यविषयक संशोधन एकत्र तपासणारी संस्था) 61 अभ्यास एकत्र तपासले होते: हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा 69 टक्क्यांनी कमी होतो. वस्तीत वेग कमी म्हणून काढा, म्हणे. हर्ट यांच्या अपघातांमध्ये धडकेच्या वेळचा मध्यक वेग (निम्म्या धडका याहून कमी वेगात) ताशी 35 किलोमीटरच्या आसपास होता आणि बहुतेक अपघात घराजवळच्या छोट्या फेऱ्यांत झाले होते. हेल्मेटने मानेला इजा होते किंवा ऐकू येत नाही, हेही त्यांना आढळलं नव्हतं.

जॅकेटचं थोडंसं मान्य. सिग्नलला बंद, काळ्या चामड्यात उभं राहणं उन्हात असह्य होतं. पण हवेचं तापमान त्वचेच्या वर, म्हणजे साधारण 35 अंशांपलीकडे गेलं की उघड्या अंगावरचा वारा गरम भट्टीसारखा लागतो आणि घाम भराभर उडून अंगातलं पाणी कमी होतं. जाळीचं जॅकेट, आत ओला केलेला शर्ट आणि भरपूर पाणी, हे उत्तर आहे. पाणी कमी प्यायलं की डोकं दुखतं, लक्ष उडतं. लघवीला थांबावं लागलं तर थांबावं, तेवढेच पायही मोकळे होतात.

आणि रात्र. रस्ता रिकामा असतो, बरोबर. लो बीममध्ये साधारण 40-50 मीटर रस्ता नीट दिसतो. 80 ला जाताना, दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद गेला तर 33 मीटर तिथेच संपतात, पुढे थांबायला आणखी 35. रस्त्यात बसलेलं जनावर तोवर मागे गेलेलं असतं, तुमच्या गाडीखालून. मध्यरात्रीनंतर शरीर झोप मागतं ते वेगळंच.

काल संध्याकाळी आम्ही रिकाम्या मैदानात गेलो. आधी हवा भरून आणली, सामान उतरवून पुन्हा बांधलं, मग ताशी 30 ने सुरुवात करून ब्रेकचा सराव. पहिल्या तीन वेळा तिची बोटं पुढच्या लिव्हरवर टेकलीच नाहीत, इतका तो मेसेज आत गेला होता. चौथ्यांदा तिने हळू दाबला, पुढचा शॉक खाली बसला आणि गाडी तिच्या अपेक्षेच्या खूप आधी उभी राहिली. ती म्हणाली, “आत्या, परत.” अंधार पडेपर्यंत आम्ही 50 पर्यंत पोचलो होतो. शनिवारी पहिल्या तीस किलोमीटरवर थांबून ती पट्टे तपासणार आहे आणि मला फोटो पाठवणार आहे.