मालिका कुठं थांबवायची? राजवाड्यापुढचा वाद

विषय निघाला 'तारक मेहता'वरून. आम्ही चौघं साताऱ्यात राजवाड्यापुढच्या गांधी मैदानाच्या कट्ट्यावर बसलो होतो आणि विक्रम एकदम म्हणाला, "2008 ला सुरू झालीय, चार हजारांवर भाग झाले. दयाभाभी 2017 पासून गायब. टप्पू बदलला, हाथी गेले, नट्टूकाका गेले. आता बास की!"

"का बास?" संभा म्हणाला. "माझी आई रात्री जेवताना तेच लावती. तिला गोष्ट नकोच हाय, शेजार पायजे. ती सोसायटी दिसली की तिला घर भरल्यागत वाटतंय."

मला हे पटतं. ज्या मालिकेत रोज नवा घोळ होतो आणि दोन-चार दिवसांत मिटतो, ती कितीही चालू द्या. 'सीआयडी' तशीच. 1998 ते 2018 चालली, 2024 च्या अखेरीस परत आली आणि लोकांनी आवडीनं पाहिली. प्रत्येक खुनाचा छडा तिथल्या तिथं लागतो, त्यामुळं मागचं काही डोक्यावर राहत नाही.

खरी पंचाईत एकाच प्रश्नावर उभ्या राहिलेल्या मालिकांची. अरुणाताईंनी 'चार दिवस सासूचे'ची आठवण काढली. 2001 ते 2013, तीन हजारांहून जास्त भाग. "सुरू झाली तेव्हा माझी लेक पाचवीत होती. संपली तेव्हा ती नोकरी शोधत होती. आमच्या घरात एवढं सगळं घडलं, आणि देशमुखांच्या घरात अजून कोण कुणाचं ऐकतंय चोरून!"

"पण तुम्ही बघत होता की ताई," संभानं टोकलं.

"बघत होते. म्हणूनच बोलतेय."

विक्रमचं म्हणणं, शेवट लेखकाच्या हातात नसतोच. दर आठवड्याला टीआरपीचे आकडे येतात. ते वर असले की लग्न मोडतं, कुणाची तरी स्मृती जाते, 'पाच वर्षांनंतर' अशी पाटी येते. खाली गेले की शेवटच्या आठवड्यात खलनायिका घाईघाईनं पाया पडते आणि सगळे हसत फोटो काढतात. मग तो 'स्वराज्यरक्षक संभाजी'वर आला. "2017 ला सुरू, 2020 ला संपली. शेवटी काय होणार हे साताऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी त्या दिवसांत रात्री नऊला गल्ल्या ओस पडायच्या. शेवट माहीत आहे म्हणून कोण उठून गेलं?"

"आरं, पण गोष्ट तिथं कुठं संपली?" संभा म्हणाला. "पुढं शाहू महाराज सुटून आले, 1708 ला हितंच राज्याभिषेक झाला. तिथं थांबला असता तर सातारा आला असता का गोष्टीत?"

यावर विक्रम क्षणभर अडला. मग म्हणाला, ती शाहू महाराजांची गोष्ट, वेगळी मालिका करा.

सगळ्यात नेमकं अरुणाताई बोलल्या, 'आई कुठे काय करते'वर. "अरुंधती नवऱ्याला सोडून स्वतःच्या पायावर उभी राहिली तेव्हा मला भरून आलं होतं. त्या वयात दुसरं लग्न केलं, तेही आवडलं. आमच्या भिशीत बायका त्यावर उघड बोलायला लागल्या होत्या. आणि मग आशुतोषला अपघातात मारला. पुढं सुचेना म्हणून तिचं सुख काढून घ्यायचं?"

मलाही हेच म्हणायचं आहे. मालिका बदलायला माझी हरकत नाही. माणसं म्हातारी होऊ देत, मुलं घराबाहेर पडू देत, घरं विकली जाऊ देत. पण पात्रानं जे कमावलं ते भाग वाढवण्यासाठी हिसकावून घेतलं, तर तो बदल नव्हे. ज्या बाईनं रोज वेळ काढून त्या पात्रावर जीव टाकला, तिचीही ती फसवणूक आहे.

संभाची अडचण मात्र पोटाची आहे आणि ती खोटी नाही. 'लागिरं झालं जी' आपल्या जिल्ह्यात झाली, त्यानंतर इकडं शूटिंगची ये-जा वाढली. त्याचा टेम्पो युनिटचं सामान वाहतो. वाड्यांना भाडं मिळतं, कुणी जेवण पुरवतं, कुणी जनरेटर. "तुमची गोष्ट संपती, तवा आमचं काम संपतंय. आणि कळतं कवा? युनिट सामान भरायला लागल्यावर."

"म्हणजे तुलाही शेवट आधी कळायला हवाच आहे," अरुणाताई म्हणाल्या. "'रामायण' 52 भागांचं ठरलं होतं, लोकांनी डोक्यावर घेतलं म्हणून 78 झालं. वाढलं, पण संपलंही. आधी आकडा सांगा, वाढवायचा तर तेही सांगा."

संभानं थोडा विचार केला. "तीनशे म्हणा, पाचशे म्हणा. आकडा कळला तर टेम्पोचे किती हप्ते त्यातनं निघतील ते तरी मांडता यील."

विक्रमला पाचशे मान्य नव्हते. तो दोनशेवर अडून बसला.