पाऊस पडतो आहे, यात शंका कसली?

फ्रेंचच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत क्रियापदाच्या सब्जंक्टिव्ह रूपाचे प्रकरण एकाच ग्वाहीने सुरू होते: शंका, इच्छा, भीती किंवा अनिश्चितता असेल तेथे हे रूप वापरावे. विद्यार्थी निर्धास्त होतो आणि पुढच्याच पानावर हे रूप मागणाऱ्या उभयान्वयी अव्ययांची जी यादी येते, ती या ग्वाहीला सरळ हरताळ फासते. याचा मला मनस्वी संताप येतो.

‘बियँ क’ (‘असले तरी’) घ्या. बाहेर धो धो पाऊस आहे, छत्री उलटी झाली आहे, बूट चिंब भिजले आहेत. तरीही ‘पाऊस पडत असला तरी मी बाहेर जातो’ हे सांगताना साधे ‘इल प्ल’ (‘पाऊस पडतो’) चालत नाही, सब्जंक्टिव्हचे ‘इल प्लव्ह’च म्हणावे लागते. येथे शंका कोणाला आहे, पावसाला? त्याच पावसाबद्दल ‘मेम सी’ने (‘जरी’) बोलले, तर मात्र मुकाट्याने ‘इल प्ल’. ‘जुस्का स क’चेही (‘होईपर्यंत’) तेच: ज्याची वाट पाहिली तो माणूस आला, आम्ही चहा घेऊन आपापल्या घरी गेलो, तरी त्याचे येणे सब्जंक्टिव्हमध्येच अडकलेले. शिक्षकांना विचारले, तर ‘पाठ करा’ एवढेच उत्तर मिळते. मग तो शंकेचा सिद्धांत आधी सांगितलाच कशाला?

‘आवाँ क’ (‘पूर्वी’) म्हणजे घटना अजून घडलेली नाही, म्हणून सब्जंक्टिव्ह. ‘आप्रे क’ (‘नंतर’) म्हणजे ती घडून गेली, म्हणून इंडिकेटिव्ह, म्हणजे साधे विधानाचे रूप. हा एक नियम निदान बुद्धीला पटतो, भाषेची राखण करणारी फ्रेंच अकादमीही त्याचा आग्रह धरते, आणि नेमका तोच फ्रेंच लोक स्वतः राजरोस मोडतात. ‘आवाँ क’च्या सवयीने ‘आप्रे क’पुढेही ते बिनदिक्कत सब्जंक्टिव्ह लावतात. त्यांनी मोडला की तो भाषेचा प्रवाह, डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आम्ही मोडला की ती चूक!

त्यात ‘आवाँ क’नंतर येणारा तो ऐच्छिक ‘न’. एरवी नकारासाठी असलेला हा शब्द येथे नकार दाखवत नाही, खरे तर काहीच दाखवत नाही. ‘आ म्वँ क’नंतर (‘नसल्यास’) तो शोभतो म्हणे, पण ‘साँ क’नंतर (‘न होता’) ठेवला की अकादमीच्या कपाळावर आठ्या. ‘तो जाण्यापूर्वी’ हे एखाद्या नवख्याने ‘तो न जाण्यापूर्वी’ असे वाचले, तर दोष कोणाचा?

एवढा छळ ज्या रूपासाठी, ते पुष्कळदा दिसतही नाही. भाषेतील बहुसंख्य क्रियापदे ‘पार्ले’च्या (‘बोलणे’) गणातली, आणि त्यांची वर्तमानकाळाची एकवचनी रूपे इंडिकेटिव्ह आणि सब्जंक्टिव्ह दोन्हीकडे अगदी सारखी, म्हणजे चूक केली तरी कोणाला कळणार नाही. पण रोज लागणारी क्रियापदे मात्र वेचून वाकडी: ‘फेर’चे (करणे) ‘फास’, ‘साव्वार’चे (माहीत असणे) ‘साश’, ‘पूव्वार’चे (शकणे) ‘प्वीस’. ‘आले’चे (जाणे) तर ‘झ’बरोबर (मी) ‘आय’ होते आणि ‘नू’बरोबर (आम्ही) परत ‘आलियाँ’, जे अपूर्ण भूतकाळाचेही रूप आहे!