थंडीत गोबरगॅस का आटतो : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची तक्रार अशी : दोन घनमीटरचा (म्हणजे रोज तेवढा गॅस देणारा) दीनबंधू प्लांट, म्हणजे पक्क्या घुमटाचा गोबरगॅस, दारात चार जनावरं, तरी डिसेंबरपासून चहापुरताही गॅस नाही, त्यामुळे 'थंडीत गॅस निम्मा होतो' हे माझं वाक्य कागदी आहे. सोबत तुम्ही रोजचं माप दिलंत हे फार बरं केलंत : 25 किलो शेण आणि मिस्त्रीच्या सांगण्यावरून पाच बादल्या पाणी. खरी अडचण या पाच बादल्यांतच आहे. थंडी तिला फक्त उघडं पाडते.

आधी शेणाचं बघू. एक किलो ताज्या शेणातून साधारण 40 लिटर गॅस मिळतो. दोन घनमीटरसाठी 50 किलो हवं, तुम्ही निम्मं घालता. जनावरं दिवसभर चरायला जात असतील तर तेवढंच हाती लागणार. म्हणजे उन्हाळ्यातही तुमचा हिशोब एक घनमीटरचाच, एक शेगडी जेमतेम दोन तास.

आता पाणी. या प्लांटमध्ये सुमारे 4000 लिटर शेणकाला (शेण-पाण्याचं मिश्रण) मावतो. 25 किलो शेणात तेवढंच पाणी घातलं तर रोज 50 लिटर आत जातं आणि शेण 80 दिवस आत राहतं. तुम्ही पाच बादल्या म्हणजे 75 लिटर पाणी ओतता, रोज 100 लिटर आत जातं, त्यामुळे ते 40 दिवसांतच बाहेर पडतं. आपल्याकडच्या उन्हाळ्याला 40 दिवस पुरतात, थंड डोंगराळ भागासाठी 55 धरतात. मिथेन, म्हणजे जळणारा वायू, तयार करणारे जिवाणू मुळातच सावकाश वाढतात. 20 अंशांखाली ते आणखी मंदावतात आणि वाढण्याआधीच पाण्याबरोबर वाहून जातात. आम्ल तयार करणारे जिवाणू मात्र झपाट्यानं वाढतात, म्हणून काला आंबतो. शिवाय पातळ काल्यात माती तळाशी बसते, काडीकचरा वर येऊन साय धरतो. बाहेर पडणाऱ्या स्लरीला (गॅस देऊन उरलेल्या काल्याला) कच्च्या शेणाचा वास येतोय का, ते बघा. येत असेल तर शेण न पचताच निघतंय.

उपाय करताना घाई नको. लिटमस कागदावर स्लरी आम्लधर्मी दिसली तर आठवडाभर भरणी (शेण-पाणी आत घालणं) बंद ठेवा. मग समप्रमाणात काला करा, आणि त्यातल्या निम्म्या पाण्याऐवजी बाहेर आलेली स्लरीच वापरा; तिच्यातले जिवाणू परत आत जातात. पाणी काळ्या पिंपात उन्हात तापवून भरणी दुपारी करा. घुमटावर उसाचं पाचट किंवा पेंढ्याचा जाड थर द्या. गोठा फिनाईलनं धुतला असेल तर ते पाणी आत जाऊ देऊ नका. फरक दिसायला तीन-चार आठवडे लागतील.

तोवर गळती तपासा. रात्री मुख्य कॉक बंद ठेवला तर सकाळी निकासाच्या टाकीतली (जिथून स्लरी बाहेर पडते) पातळी चढलेली दिसली पाहिजे. पातळी चढत असेल आणि शेगडी तरीही फडफडत असेल, तर पाइपात पाणी साचलंय. थंडीत ते जास्त साचतं, पाइपातलं पाणी जमा होतं त्या सापळ्याचा नळ उघडून काढा. सांधे साबणाच्या फेसानं तपासा, काडी ओढून कधीच नाही. आणि काही झालं तरी साय फोडायला कुणी आत उतरू नका : रिकाम्या केलेल्या टाकीतही विषारी वायू उरतो आणि श्वासाला प्राणवायू पुरत नाही.